मावशीचं कमळ

आमच्या सुमनमावशीने क्रोशाच्या लेसने रेडिओ झाकला, माठ झाकला, घोरणाऱ्या काकांचं पोटसुद्धा झाकलं. "गोल म्हणजे घर, पाकळ्या म्हणजे माणसं," ती सांगायची. "दर फेरीला टाके वाढवायचे, नाहीतर घर आक्रसतं."

हल्ली ती टाके वाढवायलाच विसरते. काल तिच्या लेसच्या कमळाची चक्क टोपी झाली.

"घाल गाढवा, डोक्यावर!" म्हणून ती खदखदून हसली, आणि मग टोपी माझ्या हातात दिली. "उसव."

आठवडाभर फुललेलं कमळ उसवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मधलं कडं तेवढं उरलं. ते तिने बोटावर फिरवून पाहिलं.

"इथून पुढं कसं जायचं रे?"

मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही. मी दोरा गुंडाळत राहिलो.