गोळ्यांच्या खोक्यातला कागद

दादाच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या होत्या. डॉक्टरांनी नाही, मी. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आहे, तर हे आधी सांगून टाकतो.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याने नववीतून शाळा सोडली आणि सायखेड्याहून, आमच्या गावाहून, सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत आला. आधी एका कारखान्यात हेल्पर, मग लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर. मी गावच्या शाळेतून दहावी झालो तसं त्याने मला आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आपल्या घरात एकाला तरी इंग्रजी यायला पाहिजे." तेव्हापासून घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे यायचा. कारखान्याची नोटीस, विम्याचा फॉर्म, कुकरच्या खोक्यातली माहिती. मी वाचून सांगायचो आणि दादा वहिनीकडे बघून मान हलवायचा. मी पदवीधर झालो तेव्हा त्याने अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. आज मी जो काही आहे तो त्याच्यामुळे आहे.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा दादा हळूहळू गप्प झाला. आम्हाला दिसेल असं काही कारण नव्हतं. भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बसून राहायचा. पंधरा वर्षांत ज्याचं काम कधी परत आलं नाही, त्याचे जॉब, म्हणजे लेथवर कातलेले सुटे भाग, रिजेक्ट व्हायला लागले. शेवटी सुपरवायझरनेच त्याला रजा घ्यायला लावली आणि मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे, हा आजार आहे आणि तो बरा होतो. रोज एक गोळी घ्यायची आणि जरा उभारी आली की त्यांच्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंशी बोलायला यायचं.

गोळ्यांना तीन आठवडे झाले. दादाचं तोंड कोरडं पडायचं, दुपारभर झोप यायची. एका संध्याकाळी त्याने गोळ्यांचं खोकं माझ्यापुढे ठेवलं. आत बारीक अक्षरांचा, घड्या घातलेला कागद होता.

"बघ बरं काय लिहिलंय. तू सांगशील तसं करू."

मी शब्दकोश घेऊन बसलो. अर्धे शब्द त्यात नव्हतेच. सापडले त्यांचे अर्थ पेन्सिलीने समासात लिहिले. भोवळ. थरथर. छातीत धडधड. यकृताला इजा. यातलं काय नेहमी होतं आणि काय क्वचित, हेही त्याच कागदावर होतं, पण त्या शब्दांवर माझी नजर ठरली नाही. कागद संपवून मी म्हणालो, "दादा, या गोळ्या बंद कर. आपण दुसरं काहीतरी बघू."

खरं सांगायचं तर भीती एकट्या कागदाची नव्हती. मला नुकतीच शिक्षकाची नोकरी लागली होती, लग्नासाठी मुली बघणं चालू होतं. याचा भाऊ वेड्याच्या गोळ्या खातो, असं कोणी म्हणेल याची मला लाज वाटत होती. कागदाने त्या लाजेला एक शिकलेलं कारण दिलं.

वहिनी स्टोव्हपाशी होती. "डॉक्टरांना एकदा विचारायचं का, भाऊजी?"

"डॉक्टर गोळ्याच देणार ना, वहिनी."

मग दुसरं सुरू झालं. एका वैद्यांचा काढा आणला. वर्तमानपत्रात वाचून मी त्याला प्राणायाम शिकवला. रोज सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला न्यायला लागलो. आई गावाहून आली आणि म्हणाली, "लय विचार करतो हा. याला जरा मोकळ्या हवेत ने." म्हणून दिंडोरीजवळ वहिनीच्या भावाच्या द्राक्षबागेत त्याला आठ दिवस ठेवलं. छाटणी चालू होती. मेव्हण्याने त्याच्या हातात कात्री दिली. "धरा दाजी. इथं काय रिजेक्ट होत नाय, काडी मुकाट्यानं खाली पडती." दादा कसनुसा हसला. तोंडाची कोरड गेली होती, दुपारची झोप गेली होती. मला वाटलं, जमलं.

घरी परतल्यावर तो पुन्हा खचला, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. एका सकाळी फिरायला हाक मारायला गेलो, तर तो दारात बसलेला. एका पायात बूट, दुसरा हातात. किती वेळ तसा बसला होता कोण जाणे.

"राहू दे," तो म्हणाला. "माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही."

आवाज अगदी शांत होता. वहिनीने दुसरा बूट त्याच्या पायात घातला आणि मला रिक्षा आणायला पाठवलं.

डॉक्टरांनी दादाला एकट्याला आत घेतलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी म्हणाली, "तुम्ही गोळ्या बंद केल्या ना, त्याच्या दोन दिवस आधी हे म्हणाले होते, भाजीत मीठ कमी आहे."

मला कळेना.

"तीन महिने आळणी वाढा, खारट वाढा, हूं नाही की चूं नाही. आणि त्या दिवशी मीठ मागितलं. मी मोरीत जाऊन रडले, भाऊजी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही शिकलेले. म्हटलं, कागदात असेल ते खरं असेल."

आम्हाला आत बोलावलं तेव्हा मी तो कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी माझी पेन्सिलीतली अक्षरं वाचली. रागावले नाहीत. "वाचलंत ते चांगलं केलंत. वाचून माझ्याकडे यायचं होतं. गोळी तेव्हा कुठे लागू पडायला लागली होती. त्रास होत होता तर बदलून दिली असती. एकदम सोडली की माणूस असा खाली येतो."

"पण नुसतं बोलून, फिरून बरं होत नाही का?" मी विचारलं.

"दुखणं हलकं असतं तर मी आधी बोलायलाच पाठवलं असतं. कितीतरी जणांना तेवढं पुरतं. पण यांना आज बूट घालता आला नाही. बोलायलाही थोडं बळ लागतं. फिरणं अजिबात सोडू नका. काढ्यात काय आहे ते मला दाखवा, गोळीबरोबर सगळंच चालत नाही." मग ते दादाकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

तोवर हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. दादाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "घेतो. पण तोंडाला कोरड पडणार नाही असं बघा."

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही दिवस त्याला एकटं सोडू नका म्हणून बजावलं. गोळ्या वहिनीच्या ताब्यात राहिल्या. महिना-दीड महिन्याने तो शनिवारी, म्हणजे सातपूरच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, समुपदेशक बाईंकडे जायला लागला. पहिल्यांदा कुरकुरला. "बोलून काय जॉब तयार होतो का?" बाहेर आला तेव्हा म्हणाला, "त्यांनी लेथ कसा चालतो विचारलं. अर्धा तास मीच शिकवत होतो."

रजा संपून त्याची कामावरची पहिली पाळी झाली त्या दिवशी तो जेवताना आपणहून बोलला. "गोळी म्हणजे कूलंट, लोखंड कापताना टूल गार ठेवायला सोडतो ते पाणी. कूलंटने जॉब तयार होत नाही. पण ते बंद करून कट मारला की टूल जळतं." वहिनी म्हणाली, "आता जेवा, भाकरी गार होतेय."

आत बाईंशी तो काय बोलायचा ते मला आजही माहीत नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "तुझ्या कागदात नाही ते."

पुढे दीडेक वर्षाने डॉक्टरांनी गोळी कमी करायला घेतली. आधी अर्धी, मग बघू, असं. त्या दिवशी दादाने स्टीलची ताटली पालथी घातली, गोळी मधोमध ठेवली आणि नव्या ब्लेडने सावकाश दाब दिला. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले.

"सारखे आहेत का बघ."

मी वाकून पाहिलं. "मला नाही सांगता येत, दादा."

"मला येतं," तो म्हणाला. एक तुकडा त्याने पाण्याबरोबर घेतला आणि दुसरा उद्यासाठी वहिनीच्या हातात दिला.