‘थांब’ म्हणून गेलेल्या बाई

फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या एका सोसायटीत होतो. हातात दांडगट लॅब्राडोरचा पट्टा, शेजारी त्याचे घामाघूम झालेले मालक. मानेबाईंचे यजमान, आमचे काका, एवढंच म्हणाले, “दत्ता, सुमन गेली रे...” आणि माझ्या तोंडून निघालं, “खडू कुठाय?” आज आठवलं तरी लाज वाटते. माणूस गेल्याचं सांगतायत आणि मी कुत्र्याची चौकशी करतोय! पण मानेबाईंनीही आधी तेच विचारलं असतं, अशी मनाची समजूत घालतो. दीड महिना झाला त्याला.

चाकणजवळच्या कंपनीतलं काम सुटलं तेव्हा मी कुत्री शिकवायचा धंदा धरला. वस्तीवरची कुत्री लहानपणापासून माझ्यामागे असायची, तेवढंच भांडवल. आईनं कपाळावर हात मारला. “आयटीआय केलंस ते कुत्री फिरवाया व्हय?” मानेबाई माझं दुसरं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलंबाळं नाहीत, मोशीत नवरा-बायको दोघंच. पार्किंगमध्ये सापडलेलं पांढरंशुभ्र पिल्लू त्यांनी घरी आणलं होतं, नाव ठेवलं खडू. मी त्याला पंधरा दिवस आमच्या शेतावर नेलं, बस, थांब, ये, सगळं पक्कं केलं आणि छाती फुगवून परत आणलं. माझ्यासमोर खडूनं सगळं झकास करून दाखवलं. मग बाई म्हणाल्या, “बस.” पठ्ठ्यानं चटईचा कोपरा चावायला घेतला.

मी म्हटलं, “बाई, तुमचा आवाज जरा कडक हवा.”

“साठ-साठ पोरांचे वर्ग गप्प केलेत मी, माझ्या आवाजाला नावं ठेवू नकोस,” बाई कडाडल्या. “कुत्र्याला शिकवलंस, माणसाला कुठं शिकवलंस?”

असा राग आला होता मला! घरी जाऊन जेवलो नाही. पण बाई खरं बोलल्या होत्या. त्या दिवसापासून मी कुत्रं घरी नेणं बंद केलं. रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या हॉलमध्ये शिकवणी सुरू झाली, आणि बाई वही घेऊन बसायला लागल्या. वही! कमरेला शाळेतली खडू ठेवायची कापडी थैली, तिच्यात पनीरचे तुकडे. ‘थांब’ म्हटल्यावर कुत्र्याला मोकळं करायचा एक शब्द लागतो, तो त्यांनी ठरवला ‘सुट्टी’. मी त्यांना एक नियम पढवला होता: जो थांबवेल, तोच सोडेल. घरात एकानं थांबवायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं, असं झालं की कुत्रं कुणाचंच ऐकत नाही. बाईंना तो भारी आवडला. कधी मी चुकून ‘सुट्टी’ म्हणालो तर डोळे वटारायच्या, “तू नको. मी थांबवलंय.”

पुढं रविवारी सकाळी मोशीच्या मोकळ्या मैदानात माझी सगळी गिऱ्हाइकं कुत्री घेऊन जमायला लागली, तीही बाईंचीच कल्पना. आयटीतली पोरं, दापोडीचे एक रिक्षावाले भाऊ, सगळ्यांना त्या डब्यातून थालीपीठ द्यायच्या आणि मला बाजूला घेऊन दटावायच्या, “कुत्र्यासमोर मालकाला रागवायचं नाही, दत्ता.” एकदा तर थेट आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, “तुमचा मुलगा मास्तर आहे हो.” तेव्हापासून आई गावभर सांगते, “आमचा दत्ता मास्तर हाय.” हे उपकार मी कसे फेडणार?

काका मात्र या सगळ्यापासून चार हात लांब. “तुझं लफडं तू निस्तर,” म्हणत पेपरात डोकं. सहा वर्षांत त्यांनी खडूला एकदा हाक मारलेली मी ऐकली नाही.

तेराव्यानंतर काकांनी मला बोलावलं. खडू दाराजवळच्या चटईवर बसलेला. जेवायला उठायचा, फिरून यायचा, पण परत तिथंच. काका म्हणाले, “दवाखान्यात नेताना सुमन दारात त्याला ‘थांब’ म्हणाली. धाप लागलेली, तरी म्हणाली... घेऊन जा रे याला. मला बघवत नाही.”

कुत्र्याच्या मनात काय असतं ते मी छातीठोक सांगणार नाही. मी खाली बसून म्हटलं, “सुट्टी!” खडूनं माझ्याकडं पाहिलं, शेपूट एकदा हलवलं आणि मान परत दाराकडं वळवली. माझीच शिकवण माझ्या अंगाशी आली. पट्टा काढायला हात खुंटीकडं गेला, तर तिथं बाईंची ती थैली. आणि ते वाक्य कानात वाजलं... माणसाला कुठं शिकवलंस? माणूस तर माझ्यामागं टेबलाला धरून उभा होता.

थैलीत पनीर भरलं आणि काकांच्या कमरेला बांधली. ते नको नको म्हणत होते. “काका, नेईन मी त्याला. पण आधी एकदा तुम्ही ‘थांब’ म्हणा. नव्यानं. मग सोडायचा हक्क तुमचा.”

“माझं ऐकणार आहे का तो?”

“म्हणून तर बघा.”

काका खडूशेजारी सरकले. तिसऱ्या खेपेला कसंबसं निघालं, “खडू... थांब.” खडूनं मान वळवली. दारावरून नजर काढून काकांकडं टक लावून बसला. पाच मोजले असतील मी. काकांचे डोळे वाहत होते. “सुट्टी,” ते म्हणाले.

उठला तो! आधी अंग झटकलं, मग काकांच्या थैलीत सरळ तोंड घातलं. आम्ही दोघं रडत होतो आणि हसतही होतो.

खडूला न्यायचा विषय परत निघालाच नाही. रोज पाचला मी मोशीला जातो, काकांची शिकवणी असते. परवा दूधवाला आला म्हणून काका खडूला ‘थांब’ सांगून दारात गेले. पैसे देता देता त्याच्याशी गप्पाच मारत बसले. खडू बिचारा ताटकळलेला. मला दया आली आणि मी हळूच म्हटलं, “सुट्टी.”

काकांनी दारातूनच डोळे वटारले. कमरेला ती थैली होती.

“तू नको. मी थांबवलंय.”