पेटीशिवाय आरती
कापराचा वास आला की दिल्लीतल्या आमच्या सरकारी कॉलनीचा गणपती आठवतो. शेजारच्या ख्रिस्ती काकू मूळच्या नगरच्या. आरतीला पेटी दरवर्षी त्याच वाजवायच्या. एका वर्षी मंडळाचे नवे अध्यक्ष मांडवातच त्यांना म्हणाले, "या वेळी पेटी राहू द्या. काहीजणांना खटकतं. उगाच वाद नको, आपला एकोपा टिकला पाहिजे." काकूंनी भाता मिटला. आरती सांगणारी माझी आई झांजा खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आरती सुरू झाली आणि दुसऱ्याच कडव्याला फिसकटली. नागपूरकर पुढे, कोल्हापूरकर मागे, आम्ही दिल्लीची मुलं नुसत्या टाळ्या वाजवतोय. "वहिनी, सांभाळून घ्या ना," अध्यक्ष म्हणाले. आई जागची हलली नाही. "एकोपा हवाय ना? मग यांना पेटी वाजवायला सांगा. सगळ्यांसमोर." अध्यक्षांना सांगावं लागलं. परवा गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीने समोरच्या भाडेकरूंना दारातली नाताळची चांदणी उतरवायला सांगितली. मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, हार्मनी बनी रहनी चाहिए." मी उभी राहिले. "बिल्कुल. लेकिन चुप किसे रहना है, ये बताइए." उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसले नाही.