कोंडवाड्यासाठी गाऱ्हाणं

माझ्या मुलानं पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि तोंडवलीत माणसं कोंडायचा धंदा काढला. त्याला एस्केप रूम म्हणतात. पर्यटक आपण होऊन खोलीत शिरतात, बाहेरून दार लागतं आणि आतली कोडी सोडवत तासाभरात कुलूप उघडायचं असतं. "कट्ट्याच्या बाजारात काय सांगू, झिल माणसां कोंडता म्हणान?" असं मी त्याला भर जेवणात विचारलं. तो पानावरून उठला. पुढचे दोन महिने आमच्यात "जेवलंस?" आणि "जेवलंय" एवढंच बोलणं चालू होतं.

खरं भांडण नारळाचं. आमच्याकडे होडी पाण्यात लोटा, दुकान उघडा, नाहीतर विहीर खणा, आधी नारळ ठेवून घरातल्या वडीलधाऱ्यानं गाऱ्हाणं घालायचं. त्यानं मोठ्यानं देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी दर मागण्याला "होय महाराजा!" म्हणायचं. मुलानं मला एकदाच विचारलं होतं. मी म्हटलं, "त्या कोंडवाड्यासाठी माझ्या तोंडातसून गाऱ्हाणां येवचां नाय." बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण बोललेला शब्द मागे घ्यायला काही शिकलो नाही. खोली तयार झाली, बोर्ड लागला, पण तो उघडायचं नाव घेईना.

"तुमच्या गाऱ्हाण्यासाठी थांबलो हा तो," बायको म्हणाली.

"थांबांदे," मी म्हटलं आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

शेवटी तिनंच फर्मान काढलं. उघडण्याआधी खोली कोणीतरी खेळून बघायला हवी, तर रविवारी आपण तिघं जायचं. तिसरी म्हणजे आमची मुलगी. सावंतवाडीला बँकेत असते, ती मुद्दाम आली. मी म्हटलं, येतो, पण दहा मिनिटांत बाहेर पडून दाखवतो. गणिताचा मास्तर आहे मी, गंमत नाही!

खोली एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, सजवली होती. जाळी, वल्ही, कंदील, पेटारा, फळीवर मसाल्याच्या बरण्या, कोपऱ्यात पाटावर हळदकुंकू लावलेला नारळ. मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "अडलात तर बोला. भायर माका सगळां दिसता नि ऐकाक येता." दार लागलं. पोराकडे कॉपी मागेन होय मी?

भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता होता. मी त्याची बेरीज, वजाबाकी, सरासरी सगळं काढलं. पेटारा ढिम्म. तेवढ्यात बायकोनं बरण्या उतरवल्या, मसाला भाजताना जे आधी पडतं ते आधी, अशा ओळीनं मांडल्या आणि झाकणांवरचे आकडे लावून पेटारा उघडला. "मास्तर, जरा बाजूक होवा," म्हणाली. पेटाऱ्यात जाळं निघालं, त्याच्या गाठी मोजून मुलीनं दुसरं कुलूप काढलं. मी काय केलं? शेवटच्या चिठ्ठीवर बसलो. वीस मिनिटं. दोघी सगळी खोली उपसून दमल्या तेव्हा मुलीनं मला हाताला धरून उठवलं आणि चिठ्ठी माझ्याखाली सापडली.

चिठ्ठीत लिहिलं होतं: समुद्रावर निघताना तांडेल जे आधी हातात घेतो, त्यावर दाराचा आकडा आहे. आम्ही वल्ही पालथी केली, कंदील हलवला. पाटावरच्या नारळाला मात्र तिघांपैकी कोणी हात लावला नाही. हळदकुंकू लावलेला नारळ खेळात कोण धरतो?

पाच मिनिटं उरली आणि माझी नजर त्या नारळावर गेली. अरेच्चा! हा तर माझ्यासाठी मांडलाय. पुन्हा विचारायची सोय मी ठेवलीच कुठे होती? म्हणून पोरानं बिचाऱ्यानं न बोलता समोर ठेवलाय. ही सगळी खोली त्यानं एकट्यानं उभी केली, जाळ्याची गाठ न् गाठ हातानं मारली, आणि बापाला दोन शब्द जड झाले. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, कोडं गेलं खड्ड्यात. चपला काढल्या, नारळ उचलला आणि घसा खाकरला.

"बा देवा महाराजा! आज ह्या झिलान जी खोली मांडल्यान हा, तिची वाट चार माणसांका दाखव रे महाराजा!"

"होय महाराजा!" दोघी दचकल्या, पण सवयीनं म्हणाल्या.

"ह्येच्यार कोणाची दृष्ट पडली आसात, ती दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि ह्येच्या आड," इथे माझा आवाज चिरकला, "ह्येच्या आड ह्येचो बापूसच इलो. त्या खुळ्याक माफ कर रे महाराजा!"

या वेळी "होय महाराजा!" तीन आवाजांत आलं. तिसरा छताच्या स्पीकरमधून आला आणि तो मध्येच तुटला.

मी नारळ उंबऱ्यावर आपटला. पाणी उडालं, घंटा वाजली, तास संपला. मुलानं बाहेरून दार उघडलं. डोळे लाल. आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली तुकड्यांकडे.

"बाबा, दाराचो आकडो त्या नारळाच्या शेंडीखाली होतो."

मी वाकून करवंटीचे तुकडे उचलले. एकावर चार होता, दुसऱ्यावर अर्धा सात.

"म्हणजे ह्यो माझ्यासाठी नव्हतो?"

"नाय."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. बत्तीस वर्षांत फळ्यासमोर माझी एवढी फजिती कधी झाली नव्हती. पण आता मागे फिरायचं नव्हतं.

"मगे माझो खंय आसा?" मी विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गाडयेत. दोन म्हयने घेवन फिरतंय."

"मगे आण," मी म्हटलं. चपला काढलेल्याच होत्या.