दोन थर्मामीटरांमधला फरक

"घाई कोनाले हाय?" असे म्हणत आमचे कंपाउंडर थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरत, एक डोळा मिटून पारा वाचत, आणि वाचून झाला की पुन्हा वाचत. बाहेर रांग कुरकुरायची. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा मात्र त्याचा वैतागच येतो.

सत्तावन्न सालची गोष्ट असेल. हिंगणघाटला एका गिरणीच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, मी कारकून. ताप शंभरावर असेल तर रजेची चिठ्ठी, नाहीतर खात्यात परत. चिठ्ठ्या मी लिहायचो.

जुनी थर्मामीटरे फुटत फुटत एकच उरले, तेव्हा नव्यांची पेटी आली. कंपाउंडरांना ती पटेनात. प्रत्येकाचा ताप ते दोन्हींनी मोजू लागले. वहीत दोन रकाने, आणि तिसरा फरकाचा.

"काऊन बाबू, माहा ताप दोनदा मोजून राह्यले?" एकाने विचारले.

"तुहा नाई, या काचेचा मोजून राह्यलो."

चाळीस माणसे झाल्यावर वही डॉक्टरांपुढे गेली. डॉक्टरांनी बेरजा केल्या. "दोन्हींची सरासरी एकच येते. झालं तर मग!"

"साहेब, फरक पाहा. ज्याले ताप नाई त्याले नवं जास्त दाखवते, ज्याले लय ताप त्याले कमी. बेरजेत सारं मिटून जाते. पन ताप सरासरीले नाई येत, मानसाले येते."

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. नवी चालतील का, याच्या उत्तराची गिरणीच्या साहेबांना घाई होती. त्यांनी सांगितले, मी लिहिले: नवी थर्मामीटरे जुन्याशी जुळतात. कंपाउंडर माझ्या टाकाकडे पाहत होते. मी मान वर केली नाही.

पुढे जुनेही फुटले. त्याच आठवड्यात सूतखात्यातला रामाजी आला. डोळे लाल, ओठ सुकलेले. नव्या काचेत साडेनव्याण्णव.

"याले धाडू नका, साहेब."

"आकडा दिसतोय ना?" डॉक्टर म्हणाले.

मी परतीची चिठ्ठी लिहिली. दोन दिवसांनी आणखी एक. विषमज्वर होता. दहाव्या दिवशी रामाजी गेला.

कंपाउंडर त्याच्या घरी निघाले, तसा मीही मागे गेलो. रामाजीच्या बायकोपुढे बसून त्यांनी सगळे सांगितले. काच, फरक, काही लपवले नाही. मग तिने विचारले,

"तुमाले ठावं होतं, मंग त्याले थांबवलं काऊन नाई?"

"म्या बोललो, बाई. पन कमी बोललो."

चिठ्ठ्या कोणी लिहिल्या, हे त्यांनी तिला सांगितले नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत, पुढेही कधी नाहीत. हिंगणीला भावाकडे गेले, एवढेच कळले.

ते आले नाहीत त्या पहिल्या सकाळी रांग नेहमीसारखीच होती. डॉक्टर खुर्ची सोडून दारात उभे राहिले आणि एकेकाच्या कपाळावर हात ठेवू लागले. दिवसभरात परतीची एकही चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली नाही.