मोज्यातली जोडवी

दुपारची भाकरी पोटात गेली की शालनबाईंचा डोळा लागतो. आज मात्र तो लागतोय आणि उघडतोय. पायांत अजून सकाळचे मोजे आहेत. ते काढले तर सगळं आठवेल, म्हणून त्यांनी ते काढलेलेच नाहीत.

आठवायचं ते थोडंच राहतंय! पाळी जाऊन कैक वर्षं झाली आणि शालनबाईंना पुन्हा रक्त जायला लागलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. तो किती खोल शिरलाय ते एमआरआयमध्ये दिसणार आणि मगच डॉक्टर ऑपरेशन ठरवणार. अंगावर धातू नको, असं बजावलेलं. मंगळसूत्राच्या जागी त्यांनी काळा दोरा बांधला, पण नवरा जिवंत असताना जोडवी काढायची? त्यांनी वरून मोजे चढवले. ताकाला जाऊन भांडं लपवलं म्हणायचं! एमआरआयच्या दारातल्या पोरानं अंगावरून धातू शोधायचं यंत्र फिरवलं, ते पायाशी केकाटलं आणि सगळ्यांदेखत मोजे उतरवायची वेळ आली. शालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एमआरआय न करता तशाच घरी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "मशीन बंद हाय."

"बंद हाय व्हय?" कुणीतरी म्हणतं.

उशाशी आनसाक्का बसल्या आहेत. शालनबाईंची थोरली जाऊ. याच दुखण्यानं गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. अंगात दवाखान्याचा निळा गाऊन आहे आणि सासरे येतील म्हणून त्या डोक्यावर घ्यायला पदर शोधतायत. गाऊनला पदर कुठला!

"चल, फडकी वाळली असतील," आनसाक्का म्हणतात.

दोघी गोठ्यात उभ्या आहेत. कडब्याच्या गंजीमागं दोरीवर रक्ताची फडकी आहेत, आनसाक्कांनी कुणाला न दाखवता धुतलेली. म्हैस रवंथ करते आणि तिच्या तोंडातून ठक-ठक असा मशीनचा आवाज येतो. गव्हाणीच्या जागी पांढरं गोल भोक आहे.

"मी फडकी दडवली, तू जोडवी. आपल्या घरात रीतच पडली गं ही."

"लाज वाटती, आक्का. लेकाच्या वयाचं पोरगं इचारतंय, रक्त कवापासनं जातंय."

"मला वाटली नव्हती व्हय? तपासायला नेलं तवा समदीकडं पसरलं हुतं. शेवटी अंथरुणात तूच मला पुसायचीस. काय झाकलेलं ऱ्हायलं माझं?"

आनसाक्का खाली बसतात, शालनबाईंचा पाय मांडीवर घेतात, मोजा उतरवतात आणि बोटाला साबण चोळायला लागतात.

"आक्का, पाय सोडा! थोरल्या तुम्ही!" थोरल्या जावेनं धाकटीच्या पायाला हात लावायचा, या विचारानंच शालनबाई अर्ध्या होतात. पाय मागं घ्यायला बघतात, तो हलत नाही.

"ह्यास्नी काय बरंवाईट झालं तर?"

"भावजींना भाकरी कोण थापून घालतंय? जोडवी, का तू?"

"पर लाज..."

"वाटू दे की. लाजत लाजत जा, पर जा."

आनसाक्का जोरात ओढतात. बोट कळवळतं.

शालनबाई डोळे उघडतात. खोलीत उतरतीचं ऊन आलंय आणि त्यांची सून तेजश्री चहा घेऊन दारात उभी आहे. डाव्या पायात मोजा नाही. बोटावर लग्नापासून ऊन न लागलेलं पांढरं वळं उमटलंय आणि जोडवं त्यांच्या मुठीत आहे, साबणानं बुळबुळीत.

त्यांची कानशिलं तापतात. सुनेशी खोटं बोलल्याची लाज वाटते, रक्ताची वाटते, या उघड्या बोटाचीसुद्धा वाटते. पाय पदराखाली ओढून घ्यावा असं फार वाटतं.

"तेजश्री, मशीन चालू हाय," त्या भिंतीकडं बघत म्हणतात आणि उजवा पाय सुनेपुढं करतात. "ह्यातलं तेवढं ऱ्हायलंय. जरा साबण आण."