तीनशे अठ्ठाविसाव्या ओळीतला टाका

"तुमच्या प्रोग्रामबद्दल ब्र काढला की तुमच्या नाकाला मिरच्या झोंबतात, भाऊजी," वहिनी म्हणाली. धाकटा दीर जेवता जेवता उठलाच होता. सासू दोघांना आवाज कमी करायला सांगत होती, आणि वहिनीचा नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता.

भांडण पंधरा दिवसांचं होतं. गालिच्यांच्या कारखान्यात वहिनी नऊ वर्षं संगणकावर नक्षी भरत होती. ती पडद्यावर उमटवणारा प्रोग्राम धाकट्याने जुन्या डॉसच्या मशीनसाठी सी भाषेत लिहिलेला. यंदा पहिल्यांदाच मोठा गालिचा घेतला, तर अर्ध्यावर गेल्यावर वरचीच वेलबुट्टी पुन्हा सुरू झाली. विणणाऱ्या बायकांनी पडद्यावर दिसलं तसं विणलं. मालकांनी विचारल्यावर धाकट्याने कोड उघडूनही न बघता सांगितलं, भरणारीची चूक. वहिनीला लोकर गुंडाळायला बसवलं.

माणूस वाईट नव्हता. आळीतले मिक्सर फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण स्वतःच्या कामाला नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

वहिनीने त्याच्यापुढे कागद ठेवला. विणलेले टाके तिने बोटाने मोजून आणले होते. "तीनशे अठ्ठाविसाव्या ओळीत एकशे छत्तीस टाके बरोबर आहेत. त्यापुढचा टाका एकदम पहिल्या ओळीतला पहिला. ओळीच्या मध्येच अशी कोण चुकेल, सांगा."

ओळीत दोनशे टाके. धाकट्याने कागदाच्या कडेला पूर्ण झालेल्या तीनशे सत्तावीस ओळींचा गुणाकार केला, वरचे एकशे छत्तीस मिळवले. पासष्ट हजार पाचशे छत्तीस. त्याचा चेहराच उतरला. कागद घेऊन तो खोलीत गेला आणि कोड उघडला.

त्या जुन्या मशीनमध्ये मेमरीच्या पत्त्याचे दोन भाग असतात: गट कोणता, आणि गटातलं घर कितवं. एका घरात एक टाका, आणि एका गटात घरं बरोबर पासष्ट हजार पाचशे छत्तीस. ती संपली की मोजणी मुकाट्याने शून्यावर येते. गट पुढे सरकवायचा तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने. धाकट्याने ते केलंच नव्हतं; त्याचा पॉइंटर, म्हणजे पुढचा टाका कुठल्या घरात आहे ते दाखवणारा पत्ता, पहिल्याच गटात गोल फिरत होता. लहान नक्ष्यांत ते कधी उघडं पडलं नव्हतं.

तासाभराने तो बाहेर आला. आईने सुचवलं, मालकांना फोनवर हळूच सांग, गाजावाजा कशाला. आणखी दोन कारखाने तुझाच प्रोग्राम वापरतात. दादाने पेपर खाली घेतला.

"उद्या मी वहिनींबरोबर कारखान्यात जाणार आहे," धाकटा म्हणाला. "सगळ्या बायका मागावर बसल्या की मालकांसमोर सांगणार. चूक माझी होती, आणि मी न बघता वहिनींवर ढकलली."